जलसंजीवनीचं पाकीट आणि हॅमस्टरचं आतडं

ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या यंत्रणेने, एक आदेश काढला. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याप्रमाणे नसलेल्या कुठल्याही सरबतावर किंवा ज्यूसवर 'ओआरएस' हा शब्द छापायचा नाही, मागेपुढे दुसरा शब्द जोडूनही नाही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यासाठी जवळपास आठ वर्षं झगडत होत्या. बातमी आली तशी आमच्या घरच्या ग्रुपवर एकच प्रश्न, अगं मग इतकी वर्षं आपण पोरांना पाजत काय होतो?

मला मात्र माझ्या बहिणीकडची एक रात्र आठवली. भाचा तेव्हा दोन वर्षांचा, संध्याकाळपासून जुलाब-उलट्या, आणि घरात खरं पाकीट होतं, मेडिकलमधून आणलेलं. पण घाईत तिने अख्खं एक लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवलं आणि मला फोन केला की हा तोंडच वाकडं करतोय, थुंकून टाकतोय. मी म्हटलं पाकिटाच्या मागे काय लिहिलंय ते वाच आधी. वाचलं, तो पेला ओतून दिला, दुसरं पाकीट मोजून लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात घातलं. त्या मागच्या चार ओळी लिहिल्या जायला किती लोकांची किती वर्षं गेलीत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर शोधत गेले, वाचत गेले, आणि 'विद्यापीठात बसून हे लोक एवढं संशोधन करतात त्याचा आपल्याला काय उपयोग' या प्रश्नाचं याच्याइतकं चांगलं उत्तर मला दुसरं सापडलं नाही.

पाकिटात असतं काय?

चारच गोष्टी. एका लिटरसाठी २.६ ग्रॅम साधं मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड, २.९ ग्रॅम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज, एकूण २०.५ ग्रॅम. (चवीसाठी कंपन्या थोडं काही घालतात ते वेगळं.) २००२ पासून हेच प्रमाण जगभर चालतं. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात याला जलसंजीवनी म्हणायचे आणि मला ते नाव फार आवडतं, कारण ते अक्षरशः खरं आहे.

आता साखर बघा. लिटरला १३.५ ग्रॅम, तर साध्या कोल्ड्रिंकमध्ये लिटरला १०० ग्रॅमच्या वर असते. गोड ज्यूसचंही साधारण तसंच. हा फरक नुसता चवीचा नाही, जुलाब झालेल्या बाळासाठी हा औषध आणि अपाय यातला फरक आहे. का, ते कळायला आधी स्वयंपाकघरात जाऊ.

पाणी मिठाच्या मागे जातं

काकडी चोचवून कोशिंबिरीसाठी मीठ लावून ठेवली की पाचदहा मिनिटांत पाणी सुटतं ना? ते पाणी मीठ ओढून काढतं. जिकडे मीठ-साखर जास्त तिकडे पाणी सरकतं, एवढाच नियम, शास्त्रात याला परासरण म्हणतात आणि तो शब्द आता पुन्हा लागणार नाही.

आतड्यातही हेच. आतड्याच्या अस्तरातून मीठ, म्हणजे त्यातलं सोडियम, रक्ताकडे गेलं की पाणी त्याच्यामागून जातं. उलट आतड्याच्या पोकळीत नको एवढी साखर जाऊन पडली तर ती शरीरातलंच पाणी बाहेर ओढते, काकडीसारखं. म्हणून अतिगोड पेयाने जुलाब वाढू शकतात, आणि म्हणून बहिणीने पेल्यात कालवलेलं घट्ट मिश्रण ओतून द्यावं लागलं.

पण मग नुसतं मीठ-पाणी दिलं तर? तर ते फारसं आत जात नाही. इथेच खरी गोष्ट आहे.

पटकीत शरीराचं नेमकं बिघडतं काय

पटकी म्हणजे कॉलरा. जुन्या माणसांना हा शब्द नुसता ऐकून धडकी भरायची, गावोगावी मरीआईची देवळं आहेत ती याच भीतीची. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जायचा, कारण जोरदार पटकीत मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभरसुद्धा पाणी जाऊ शकतं.

१८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कलकत्त्यात पटकीचा जंतू वेगळा काढून दाखवला. पण तो जंतू करतो काय हे पुढची पंचाहत्तर वर्षं नीट कळलं नव्हतं. बऱ्याच जणांचा समज असा की आतड्याचं अस्तर सोलवटून जातं, जखमा होतात, तिथून पाणी झिरपतं. आणि अस्तरच फाटलं असेल तर तोंडाने पाणी देऊन काय उपयोग, म्हणून पोटाला आराम द्या, पाणी देऊ नका असा सल्ला असायचा. तहानेने तडफडणाऱ्या माणसाला पाणी द्यायचं नाही! विचार करवत नाही.

मग कलकत्त्याचे डॉ. शंभूनाथ डे. सशाच्या आतड्याचा छोटा भाग दोन्हीकडून बांधून त्यात प्रयोग करायची पद्धत त्यांनी बसवली. १९५९ मध्ये त्यांनी दाखवलं की जंतू पूर्ण गाळून काढलेला नुसता द्रव आत घातला तरी आतडं पाण्याने टम्म फुगतं. म्हणजे अपराधी जंतूने सोडलेलं विष आहे, जंतूने कुरतडलेल्या जखमा नाहीत. साधारण त्याच सुमारास बँकॉकमध्ये पटकीच्या रुग्णांच्या आतड्यांचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले आणि अस्तर शाबूत निघालं.

टाकीचं उदाहरण घ्या. आपण समजत होतो टाकी फुटलीय. प्रत्यक्षात टाकी धड आहे, फक्त खालचा नळ उघडा अडकून बसलाय. आणि टाकी धड असेल तर वरून भरता येते! प्रश्न एवढाच उरला की वरून भरणारी लाईन कुठली.

हॅमस्टर इथे येतो

रॉबर्ट क्रेन नावाचे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एका वेगळ्याच प्रश्नामागे होते, साखर आतड्यातून आत जाते ती नेमकी कशी. पटकीशी त्यांचा काही संबंध नव्हता, ते हॅमस्टरच्या छोट्या आतड्यावर प्रयोग करत होते. ऑगस्ट १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत त्यांनी मांडलं की आतड्याच्या पेशीवर एक दार आहे ज्यातून ग्लुकोज आणि सोडियम एकत्रच आत जातात.

सत्यनारायणाच्या पूजेला जोडीने बसतात ना, तसं. हे दार जोडीलाच उघडतं, सोबत ग्लुकोज असेल तर सोडियम आत, आणि सोडियम आत गेलं की त्यामागून पाणी आत. सोडियमला आत यायच्या इतर वाटा आहेत पण पटकीच्या विषाने त्या बंद पडतात, हे जोडीचं दार मात्र चालू राहतं. टाकी भरणारी लाईन ती हीच. आजच्या पाकिटातले कण मोजले तर सोडियम आणि ग्लुकोज बरोबर सारखे आहेत ते यासाठी.

आता विचार करा, १९५८-५९ मध्ये कोणी क्रेनना विचारलं असतं की हॅमस्टरच्या आतड्यातून साखर कशी जाते यावर लोकांचे पैसे का घालवताय, तर ते काय सांगणार होते? बंगालमधली लेकरं वाचतील असं तर ते म्हणूच शकले नसते, त्यांनाही माहीत नव्हतं. मला वाटतं या सगळ्यातली समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. काही प्रश्नांचा उपयोग आधी दिसत नाही, आणि ज्या जागेत असा प्रश्न निवांत दहा वर्षं धरून बसता येतं ती जागा म्हणजे विद्यापीठ.

"हे तर आमच्या आजीलाही माहीत होतं"

हे कोणी ना कोणी म्हणतंच, आणि ते खोटं नाही. पेज, ताक, मीठ-साखर घातलेलं लिंबूसरबत आपल्याकडे पूर्वापार देतात, आणि मीठ घातलेली भाताची पेज खरंच काम करते कारण भातातल्या पिठाचं आतड्यात ग्लुकोज होतं आणि ते सोडियमला सोबत घेऊन जातं.

पण एक गोष्ट ऐका. १९५३ मध्ये कलकत्त्याच्याच डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जींनी पटकीच्या रुग्णांना तोंडाने मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन बरं केलं आणि ते लॅन्सेट या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं. जगाने लक्ष दिलं नाही. का काम करतं हे सांगता येत नव्हतं, कारण क्रेनचं दार सापडायला अजून सात वर्षं होती. उपाय हातात होता, त्यामागचं कारण नव्हतं, आणि म्हणून तो उपाय पसरला नाही.

दुसरं म्हणजे प्रमाण. १९६२ मध्ये मनिलामध्ये अमेरिकन नौदलाच्या डॉक्टरांनी तोंडाने द्यायचं असं मिश्रण वापरून पाहिलं, ते फार तीव्र झालं आणि त्या प्रयोगात काही रुग्ण दगावले. ते डॉक्टर पुढे कित्येक वर्षं या कल्पनेला घाबरून राहिले. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन केंद्रात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या पंचविशी नुकत्याच ओलांडलेल्या दोन डॉक्टरांनी, तिथल्या स्थानिक सहकाऱ्यांसोबत, किती गेलं ते मोजायचं आणि तेवढंच परत पाजायचं अशा शिस्तीने प्रयोग केला. शिरेतून द्यावी लागणारी सलाईन ८० टक्क्यांनी कमी झाली. आजीला काय द्यायचं ते माहीत होतं, किती आणि का ते या लोकांनी शोधलं.

बनगाव, १९७१

बांगलादेशचं युद्ध सुरू झालं आणि जवळपास एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. पावसाळा, छावण्या, एकाच पाण्यावर हजारो लोक, पटकी पेटली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कलकत्त्यातल्या केंद्रात काम करणारे डॉ. दिलीप महालनबीस जूनमध्ये पश्चिम बंगालात सीमेजवळ असलेल्या बनगावच्या सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा तिथे १६ खाटांच्या दोन खोल्या होत्या आणि माणसं जमिनीवर पडलेली, इतकी की रुग्णापर्यंत पोचायला घाणीत गुडघे टेकावे लागायचे. सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या, त्या लावणारे हात त्याहून कमी.

त्यांनी ठरवलं, तोंडाने पाजायचं. तोवर हे फक्त मोजूनमापून, प्रशिक्षित माणसांच्या नजरेखाली झालेलं, असं उघड्यावर कोणी केलेलं नव्हतं. कलकत्त्यात ग्रंथालयाच्या खोलीत बसून मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज वजन करून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं, गाडीतून बनगावला नेलं, पिंपात पाण्यात मिसळलं. पाजलं कोणी? आईने, भावाने, बायकोने. नातेवाईक पेले भरभरून आपल्या माणसाला पाजत राहिले. दगावण्याचं प्रमाण आधी ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते त्यांच्याकडच्या ३,७०० रुग्णांमध्ये ३.६ टक्क्यांवर आलं. खर्च लिटरला ११ पैसे.

मी हा भाग वाचताना दरवेळी थांबते. प्रागच्या सभागृहात मांडलेली एक गोष्ट अकरा वर्षांनी एका शरणार्थी बाईच्या हातातल्या पेल्यात आली.

पुढे लॅन्सेटनेच १९७८ मध्ये लिहिलं की सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात हा शोध म्हणजे कदाचित या शतकातली वैद्यकातली सगळ्यात महत्त्वाची प्रगती. त्याच सुमारास डब्ल्यूएचओ आणि युनिसेफने हे जगभर न्यायला घेतलं. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायका १९८० ते १९९० अशी दहा वर्षं दारोदार गेल्या, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, असं १ कोटी २० लाख घरांत आयांना करून दाखवलं. त्यांचा पगार ठरायचा तो महिन्याभराने त्या आयांना किती आठवतंय यावर! १९८० च्या सुमाराला जगात पाच वर्षांखालची ४५ लाखांहून जास्त मुलं दरवर्षी जुलाबाने जायची, आज तो आकडा साडेचार लाखांच्या आसपास आहे. सगळं श्रेय पाकिटाचं नाही, स्वच्छ पाणी आहे, गोवरची लस आहे, रोटाव्हायरसची लस आहे (जिच्यातली एक पुण्यात बनते), पण मोठा वाटा पाकिटाचा.

"कंपन्यांनी शोधलं असतंच की"

११ पैशांच्या वस्तूसाठी कोणती कंपनी वीस-पंचवीस वर्षं थांबली असती? मीठ आणि साखरेत नफा तो किती. मी कंपन्यांच्या विरोधात अजिबात नाही, पाकिटं शेवटी त्याच बनवतात आणि गावच्या मेडिकलपर्यंत पोचवतात. पण उत्तर विकता येईल का हे माहीत नसताना प्रश्न विचारत राहणं हे त्यांचं काम नाही, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही करू नये.

कंपन्या कुठे येतात ते बघायचं तर याच दाराची पुढची गोष्ट घ्या. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हे दार ज्या प्रथिनाचं बनलंय त्याचा जनुक वेगळा काढला. त्याचंच एक भावंड किडनीत असतं, ते लघवीतून जाणारी साखर परत रक्तात ओढून घेतं. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये काढलेलं एक रसायन ही दारं बंद करतं हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं, पण ते आतड्यातलं दारही बंद करायचं म्हणून औषध म्हणून चालत नव्हतं. कंपन्यांनी ते रसायन बदलत बदलत फक्त किडनीतलं दार बंद करणारी गोळी बनवली, साखर लघवीवाटे निघून जाते. डायबेटिसवाल्यांच्या डब्यातली 'ग्लिफ्लोझिन'ने संपणारी नावं बघा, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, ती हीच. यातल्या दुसरीचं पेटंट मार्च २०२५ मध्ये भारतात संपलं आणि ६० रुपयांच्या आसपासची गोळी काही कंपन्यांनी १० रुपयांच्या आत आणली. (डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.) मुलाला पाजायचं पाकीट आणि आजोबांची गोळी, दोन्हींचं मूळ एकाच दारात.

"आपल्याकडचं संशोधन कपाटातच राहतं"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो कारण तो बराच खरा आहे. बढतीसाठी केलेले प्रबंध आहेत, कोणी न वाचलेले पेपर आहेत, त्याचा मला बचाव करायचा नाही. पण शंभर प्रयोगांतला कुठला लागू पडणार हे आधी ओळखायची युक्ती कोणाकडेच नाही, शेतकऱ्याला पेरताना कुठे माहीत असतं कुठलं बी उगवणार.

आणि पेरतो तरी किती? भारताचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता, आणि त्यातल्या शंभर रुपयांमागे विद्यापीठं-कॉलेजांच्या वाट्याला जेमतेम ९ रुपये आले. हे वाचून मला राग येतो. शंभूनाथ डे यांनी ते काम कलकत्त्यात, अगदी मोजक्या साधनांवर केलं, नोबेल विजेत्या जोशुआ लेडरबर्गनी त्यांचं नाव नोबेलसाठी एकाहून जास्त वेळा सुचवलं, आणि ते गेले १९८५ मध्ये, आपल्या देशातल्या कुठल्याच मोठ्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतलेलं नव्हतं. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. माणसं आपल्याकडे नव्हती असं नाही.

जुलाब थांबत नाहीत, मग हे काम कसलं करतंय?

आयांची ही तक्रार अगदी रास्त आहे. ओआरएसने शरीरात पाणी टिकतं पण जुलाब लगेच कमी होत नाहीत, मग वाटतं याचा गुण येत नाही, सलाईनच लावा. सलाईनची गरज असतेच काही वेळा, मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पिऊच शकत नाही, शी मधून रक्त जातंय, तर घरी थांबू नका. एरवी तोंडाने दिलेलं पुरतं, त्यासोबत झिंकची गोळी डॉक्टर देतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा छोटा चमचा बरं का, आणि चाखून बघायचं, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

या तक्रारीवरही काम झालंय, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. तिथल्या डॉक्टरांनी नेहमीच्या ओआरएसमध्येच लहान आतड्यात न पचणारं एक पीठ जास्तीचं घातलं, ते मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू ते आंबवतात, त्यातून जे आम्ल तयार होतं ते तिथूनही सोडियम आणि पाणी आत ओढायला मदत करतं. पटकीच्या रुग्णांमध्ये जुलाबाचं प्रमाण कमी झालं, २००० मध्ये हे छापून आलं. सगळ्यांच्या हातात पोचेल असं पाकीट त्यातून अजून आलेलं नाही.

त्या रात्री बहीण मिनिटाला एक चमचा असं पाजत बसली होती. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि परत सुरू. जुलाब रात्रभर चालूच होते, तिने दोनदा विचारलं की नक्की उपयोग होतोय ना. पहाटे पाचला तिचा फोन आला, म्हणाली, त्याने शू केली गं, चांगली भरपूर.